भावी शिक्षकाचे तत्त्वज्ञान आणि कर्मवीरांचा धडा

व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी बी.एड.ला जाण्याची इच्छा व्यक्त करते, तेव्हा घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो पगाराचा. अध्यापक महाविद्यालयात मात्र निराळाच प्रश्न समोर येतो : ‘तुमचे शैक्षणिक तत्त्वज्ञान कोणते?’ बहुतेक विद्यार्थी मार्गदर्शिकेतून थोरामोठ्यांचे विचार उतरवून काढतात. गुण मिळतात, पण वर्गात चाळीस मुले समोर बसली की ते उतारे उपयोगी पडत नाहीत. बी.एड.चा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा असून त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेतील अनुभवासाठी आहेत. म्हणजे या प्रश्नाचे खरे उत्तर शोधण्यास पुरेसा अवकाश आहे.

अमेरिकन विचारवंत जॉन ड्युई यांनी १८९७ साली आपली शैक्षणिक श्रद्धा एका छोट्या निबंधात मांडली. शाळा ही भावी आयुष्याची केवळ तयारी नसून ते जगणेच आहे, अशी त्यांची भूमिका होती. विशेष असे की, आदल्याच वर्षी त्यांनी शिकागो येथे स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली होती. श्रद्धा आणि प्रयोग हातात हात घालून चालले.

आपल्या भागात याचे तेजस्वी उदाहरण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. जैन कुटुंबात, कुंभोज येथे १८८७ साली त्यांचा जन्म झाला. मूळ घर वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षणही त्यांना पुरे करता आले नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार नोंदवतात. आज आपण त्यांचा अभिमान बाळगतो; तेव्हा हा प्रसंगही समाजाने विसरू नये. तत्त्वज्ञान ग्रंथात जन्मते असे नाही. जी गोष्ट सोडण्यापेक्षा छत्र सोडणे बरे वाटते, तिथे ते आकार घेते.

पुढे किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. व्यापारी वर्गास हा भाग विशेष जवळचा वाटेल. माल विकताना त्यांनी गिऱ्हाईकाचे घरही पाहिले आणि त्या घरातील शाळेबाहेरची मुले पाहिली. १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुले एका पंगतीत जेवत, स्वयंपाक, झाडलोट व शेती स्वतः करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले. स्वावलंबन आणि समता ही त्यांची तत्त्वे अशी रोजच्या खर्चात उतरली होती.

चांगली शाळा हवी तर आधी चांगला शिक्षक घडवावा लागतो, हेही भाऊरावांनी ओळखले. म्हणूनच १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज आणि १९५५ साली आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले.

आजच्या भावी शिक्षकाने यातून काय घ्यावे? जैन परंपरेने मोक्षमार्गासाठी सांगितलेली रत्नत्रयी येथेही दिशा दाखवते.

सम्यक् दर्शन म्हणजे मुलाकडे योग्य दृष्टीने पाहणे. दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांचे कुटुंब सातारा-सांगलीच्या शिवारात उतरते आणि अर्ध्या वर्षात एखादे मूल वर्गात येऊन बसते. ते मूल शिक्षकाला अडचण वाटते की विद्यार्थी, यावर त्याचे दर्शन कळते. अनेकांतवाद सांगतो की, वस्तूस अनेक बाजू असतात. चुकलेल्या उत्तराकडेही ‘या मुलाने असा विचार का केला?’ या बाजूने पाहता येते.

सम्यक् ज्ञान म्हणजे जीवनाशी जोडलेले ज्ञान. सांगलीच्या हळद बाजारातील शेतकऱ्याची पट्टी फळ्यावर मांडली, तर वजन, दर, हमाली, तोलाई आणि हाती येणारी रक्कम यांतून टक्केवारीचा धडा होतो. हमालाचे मूल आणि अडत्याचे मूल तो एकाच बाकावर शिकू शकतात. आपल्या घरातील मुलांना हा हिशेब लहानपणापासून येतो. शिक्षक झाल्यावर ते भांडवल त्यांनी वर्गात खुले करावे.

सम्यक् चारित्र ही सर्वांत कठीण कसोटी, आणि ती नोकरीपूर्वीच सुरू होते. काही ठिकाणी नेमणुकीसाठी मोठी रक्कम मागितली जाते, ही उघड चर्चा आहे. व्यापारी कुटुंबाला ती उभी करणे तुलनेने सोपे असते आणि प्रेमापोटी वडील ती देऊ पाहतात. परंतु गुंतवलेली रक्कम परतावा मागते, हे आपणांस सांगावे लागत नाही. तो परतावा शिकवणी लावण्याच्या सक्तीतून किंवा वर्गातील निष्काळजीपणातून मुलांकडून वसूल होतो. शिवाय त्याच पदास पात्र, पण निर्धन उमेदवार मागे पडतो. येथे अचौर्य व्रताचाही विचार व्हावा. पात्रता परीक्षा देऊन, वाट पाहून, कमी पगारावर आरंभ करण्याची वेळ आली, तर त्या काळात मुलांना आधार देणे ही कुटुंबाची खरी मदत होय.

भावी शिक्षकाने वर्षातून एकदा, पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात, आपले तत्त्वज्ञान एका पानावर लिहावे. प्रत्येक वाक्यापुढे ‘यासाठी या वर्षी मी काय केले?’ हे नोंदवावे. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, ते आचरणात आणावे, नाहीतर खोडावे. दहा वर्षांनी जे पान उरेल, ते कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही.

आपल्याकडे चतुर्विध दानात ज्ञानदानाचे स्थान मोठे आहे. शाळेच्या इमारतीस देणगी देणारी घरे समाजात पुष्कळ आहेत. त्या इमारतीत मन लावून शिकवणारी मुलगी किंवा मुलगा देणारे घरही तितक्याच आदरास पात्र आहे. म्हणून घरात बी.एड.चा विषय निघेल, तेव्हा पगाराच्या प्रश्नाबरोबर ‘तू कसा शिक्षक होणार?’ हेही अवश्य विचारावे.