सर्व्हरसमूहांचे संनियंत्रण : पुण्यातील महासंगणक व मराठवाड्यातील पर्जन्य अंदाज

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यासह मराठवाड्याची शेती प्रामुख्याने मोसमी पावसावर अवलंबून आहे. पेरणीचा निर्णय घेताना हवामान अंदाज महत्त्वाचा ठरतो. मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ६ किलोमीटर अंतराच्या जाळीवर असे अंदाज वर्तविते. पूर्वीच्या प्रतिमानाची जाळी १२ किलोमीटरची होती. यासाठी लागणारे गणित पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेच्या 'अर्का' महासंगणकावर सोडविले जाते. हा महासंगणक म्हणजे एक यंत्र नसून परस्परांशी जोडलेल्या असंख्य संगणकांचा समूह होय. या समूहावर देखरेख कशी ठेवली जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :
१९८८ मध्ये पुणे येथे 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यानंतर 'परम १००००' (१९९८) व 'परम पद्म' (२००३) हे महासंगणक आले. अनेक प्रोसेसरांनी एकच काम वाटून घ्यावे, हे या सर्वांमागील सूत्र होते.

जोडणी :
समूहातील प्रत्येक संगणकास 'नोड' म्हणतात. वापरकर्ता थेट गणन नोडवर जात नाही. तो एसएसएच या सुरक्षित पद्धतीने लॉगिन नोडवर प्रवेश करतो व आपले काम रांगेत ठेवतो. कोणत्या नोडवर ते चालवावे, हे स्लर्म किंवा पीबीएससारखे नियोजक सॉफ्टवेअर ठरविते.

देखरेख :
हवामानाच्या गणितात साधारणतः वातावरणाचे भाग पाडून ते निरनिराळ्या नोडना दिले जातात. प्रत्येक टप्प्यावर नोडना एकमेकांची उत्तरे लागतात. त्यामुळे एक नोड मंदावला तरी इतर सर्वांना थांबावे लागते. बंद पडलेला नोड लगेच लक्षात येतो. मंदावलेला नोड मात्र सहजी दिसत नाही आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो. उशिरा मिळालेला अंदाज शेतकऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही.

यावर उपाय म्हणून प्रत्येक नोडवर एक लहान प्रोग्राम सतत चालू ठेवतात. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या 'गँग्लिया'मध्ये त्यास 'जीमॉन्ड' म्हणतात. तो प्रोसेसरवरील भार, स्मृती व नेटवर्क यांची मोजमापे पाठवितो. 'जीमेटाड' ती एकत्र करतो व त्यांचे आलेख पडद्यावर दिसतात. ठराविक वेळेत नोडकडून काहीच आले नाही, तर ते मौनही बिघाडाची सूचना मानले जाते. 'नागिओस'सारखे सॉफ्टवेअर मर्यादा ओलांडताच इशारा देते. नोडची कार्यप्रणाली बंद पडली तरी आयपीएमआय व्यवस्थेमुळे तापमान पाहता येते व नोड दुरून पुन्हा सुरू करता येतो. सी-डॅकनेही 'सी-चक्षू' ही देखरेख प्रणाली विकसित केली आहे.

मर्यादा :
संनियंत्रक सर्व्हरच बंद पडल्यास सर्व आलेख थांबतात. म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र व्यवस्था हवी. तसेच ज्याच्या हाती व्यवस्थापनाचा प्रवेश, त्याच्या हाती संपूर्ण समूह असतो. त्यामुळे हे अधिकार मोजक्या व्यक्तींनाच द्यावेत व व्यवस्थापनाचे नेटवर्क वेगळे ठेवावे.

निष्कर्ष :
संगणक जोडल्याने समूह निर्माण होतो. तो विश्वासार्ह ठरतो देखरेखीमुळे. गँग्लिया व नागिओसचा मूळ भाग मुक्तस्रोत असल्याने मराठवाड्यातील महाविद्यालयांना प्रयोगशाळेतील चार-पाच जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून हे शिक्षण देता येईल. एक नोड मुद्दाम मंद करून तो आलेखावरून शोधणे, हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रात्यक्षिक पाठ ठरेल.