न फिरणारी किल्ली : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारीची किल्ली इग्निशनमध्ये घातल्यावर ती फिरेनाशी झाली, की कुलूप बिघडले असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि पाठोपाठ मनगटाचा जोर सुरू होतो. वस्तुतः अशा वेळी पुष्कळदा काहीच मोडलेले नसते, आणि जे मोडते ते त्या जोरामुळेच मोडते. रायपूरमध्ये या प्रश्नाला स्थानिक परिस्थितीचीही जोड आहे. सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहतींतील स्पंज आयर्नचे कारखाने व रोलिंग मिला, तांदळाच्या गिरण्यांतून उडणारा भुसा आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारा पारा यांमुळे येथील गाड्यांची कुलपे धूळ आणि ऊन दोन्ही सोसतात; साहजिकच त्यांच्याविषयीचे समजही याच दोहोंभोवती जमले आहेत.

समज तपासण्याआधी कुलपाची रचना पाहणे आवश्यक आहे. इग्निशनचे कुलूप म्हणजे एका स्थिर नळीत बसवलेला फिरता दंडगोल असून कारागीर त्याला बॅरल म्हणतात. बॅरलमध्ये ओळीने पातळ धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, प्रत्येक पट्टीच्या मधोमध किल्ली जाण्यापुरती चौकोनी खिडकी असते आणि प्रत्येकीला एक बारीक स्प्रिंग बाहेर ढकलत असते. किल्ली नसताना पट्ट्यांची टोके नळीतील खाचेत अडकून बॅरलला रोखून धरतात. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दात्यांमुळे सर्व पट्ट्या बॅरलच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात आणि बॅरल मोकळे होते. मात्र त्यांतील एकच पट्टी जरी पुरेशी आत सरकली नाही, तरी किल्ली फिरत नाही. बॅरलच्या मागे आणखी दोन गोष्टी जोडलेल्या असतात : विजेचा प्रवाह सुरू-बंद करणारा इग्निशन स्विच, आणि स्टेअरिंगच्या दांड्यातील खाचेत शिरणारा पोलादी खिळा, म्हणजेच स्टेअरिंग लॉक.

सर्वांत व्यापक गैरसमज या खिळ्याविषयीच्या अज्ञानातून येतो. गाडी बंद करून किल्ली काढल्यावर चाक थोडे जरी फिरले, तरी स्प्रिंगच्या दाबाने खिळा खाचेत बसतो आणि स्टेअरिंग अडते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्या स्थितीत पुढची चाके पदपथाच्या कडेला टेकलेली किंवा पूर्ण वळवलेली असतील, तर टायरमधील आणि दांड्यातील ताण त्या खिळ्यावर बाजूने येतो व खिळा खाचेच्या भिंतीवर दाबला जातो, हे लक्षात घेतले जात नाही. किल्ली फिरवणे म्हणजे तो खिळा मागे ओढणे, आणि दाबलेला खिळा ओढण्याइतकी ताकद पितळेसारख्या मऊ धातूच्या पातळ किल्लीत नसते. मालवीय रोड किंवा गोल बाजारच्या गर्दीत मिळेल त्या फटीत चाके वळवून गाडी लावणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. उपाय साधा आहे : एका हाताने स्टेअरिंग ज्या बाजूला किंचित सरकते त्या बाजूला हलकेच ओढून धरावे, त्याच वेळी दुसऱ्या हाताने किल्ली जोर न लावता फिरवावी, आणि न जमल्यास दुसऱ्या बाजूने तेच करून पाहावे, ताण उतरताच खिळा सुटल्याचे हाताला जाणवते. जुन्या अँबेसेडरमध्ये किल्ली डॅशबोर्डवर असे, त्यामुळे तिच्यावर हात बसलेल्यांना किल्लीचा आणि चाकांचा काही संबंध असेल असे वाटत नाही. स्टेअरिंगचे हे कुलूप चोरीच्या बंदोबस्तासाठी आले; अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून किल्ली काढल्यावर स्टेअरिंग किंवा गाडीची चाल अडलीच पाहिजे असा दंडक लागू झाला. बटनाने सुरू होणाऱ्या ज्या गाड्यांत स्टेअरिंग लॉक विजेवर चालते, तेथेही ताण आलेला खिळा असाच अडतो आणि उपायही तोच लागू पडतो.

दुसरा समज उन्हाचा. उन्हात धातू फुगतो म्हणून किल्ली अडकते, असे रायपूरच्या उन्हाळ्यात सर्रास सांगितले जाते. धातू फुगतो हे खरे. किती, हे मोजून पाहावे लागते. पितळेची लांबी दर अंशाला सुमारे दहा लाखांत १९ भाग इतकी वाढते. किल्लीचे पाते ८ मिलिमीटर रुंद धरले आणि बंद गाडीत ते ३० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापले असे मानले, तरी रुंदीतील वाढ होते ०.००६ मिलिमीटर. डोक्याच्या केसाची जाडीही याच्या कितीतरी पट असते. शिवाय किल्लीसोबत कुलूपही तापते आणि तेही प्रसरण पावते. उन्हाचा खरा परिणाम वेगळ्या वाटेने होतो : कुलपातील जुने ग्रीस आणि नंतर कोणी ओतलेले तेल वाळून घट्ट होते व पट्ट्यांना धरून ठेवते. म्हणून दोष तापमानाला देण्याऐवजी त्या तेलाला द्यायला हवा.

तेलाचा समज हा खरोखर घातक आहे, कारण तो आरंभी खरा ठरतो. मोहरीचे किंवा खोबऱ्याचे तेल कुलपात सोडले की किल्ली फिरते आणि घरच्या उपायावर विश्वास बसतो. मोहरीचे तेल हवेशी संयोग पावून हळूहळू चिकट होते. खोबरेल तर २४ अंशांच्या सुमारास गोठते, आणि रायपूरच्या हिवाळी रात्री पारा त्याच्या खूप खाली जातो. उघड्या डब्यातील खोबरेल डिसेंबरात जसे पांढरे घट्ट दिसते तसेच ते बॅरलमध्येही होते. त्याहून वाईट म्हणजे हे तेल धूळ धरून ठेवते, आणि तेलात कालवलेली खनिजाची व कोळशाची धूळ पॉलिश पेपरासारखी पट्ट्यांच्या कडा झिजवत राहते. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याबद्दलही असाच गोंधळ आहे. १९५३ साली तो तयार झाला तो धातूवरील पाणी हटवण्यासाठी. साचलेली घाण सैल करण्यास तो उपयोगी पडतो, परंतु तो मागे तेलाचा पातळ थर सोडत असल्यामुळे धुळीच्या शहरात त्याच्यावर दीर्घकाळ विसंबणे योग्य नव्हे. कुलपाला हवे असते कोरडे वंगण, म्हणजे ग्राफाइटची बारीक पूड किंवा सुकल्यावर कोरडा थर मागे ठेवणारा टेफ्लॉनचा फवारा. पूड अगदी थोडी सोडावी, किल्ली अनेकदा आतबाहेर करावी आणि दर वेळी ती पुसावी. तिच्यावर येणारी काळी घाण कमी होत गेली की कुलूप स्वच्छ होत असल्याचे समजावे. मात्र आधी तेल घातलेल्या कुलपात ग्राफाइट घालू नये, कारण दोन्ही मिळून गाळ होतो. पेन्सिल किल्लीवर घासण्याची युक्ती अगदीच निराधार नाही, परंतु पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटबरोबर चिकणमातीही असते, म्हणून ती वेळ मारून नेण्यापुरतीच.

बॅटरी उतरल्याने किल्ली फिरत नाही, हा समज थोडक्यात निकालात काढता येतो. बॅरल फिरणे ही यांत्रिक क्रिया आहे. बॅटरी संपली तर किल्ली फिरते आणि इंजिन सुरू होत नाही. किल्लीच्या मुठीतील चिपचेही तसेच : ती गाडीला किल्लीची ओळख पटवते, ओळख न पटल्यास इंजिन अडते, किल्ली नव्हे. रिमोटमधला सेल तर फक्त दारांसाठी असतो. अपवाद ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचा. तेथे दांडा पार्किंगच्या जागी नीट बसलेला नसेल किंवा काही गाड्यांत बॅटरी उतरली असेल, तर किल्ली बाहेर निघत नाही.

कुलपाइतकाच संशय किल्लीवर घ्यायला हवा, आणि तोच सहसा घेतला जात नाही. रोजच्या वापराने दात्यांचे माथे झिजतात, त्यामुळे पट्ट्या नेमक्या उंचीवर येत नाहीत. अशा किल्लीवरून चावीवाल्याकडे दुसरी करून घेतली, तर यंत्र झिजेसकट नक्कल उतरवते आणि नवी कोरी दिसणारी किल्लीही अडते. बऱ्याच गाड्यांसोबत धातूच्या लहान बिल्ल्यावर किल्लीचा क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावरून कापलेली किल्ली कारखान्यातून निघालेल्या मापाची होते. कपाटात पडून असलेली, न वापरलेली दुसरी किल्ली सहज फिरली, तर दोष कुलपात नसून किल्लीत आहे हे तिथल्या तिथे सिद्ध होते.

जड जुडग्यामुळे कुलूप लवकर खराब होते, या म्हणण्यात तथ्य आहे, कारण लोंबणारे वजन प्रत्येक खड्ड्यागणिक बॅरलला हिसके देते. पण त्याचा गंभीर धोका वेगळा आहे. जनरल मोटर्सने २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या इग्निशन स्विचमधील स्प्रिंगचा दाब अपुरा असल्यामुळे; जुडग्याच्या वजनाने किंवा हिसक्याने किल्ली चालत्या गाडीत मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही निकामी होत. त्या कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. मूळ दोष स्विचचा होता, तरी चालत्या गाडीत किल्ली एकटीच लटकू द्यावी, हा धडा सर्वच गाड्यांना लागू पडतो.

स्टेअरिंगचा ताण काढून, कोरडे वंगण घालून आणि दुसरी किल्ली लावूनही बॅरल हलत नसेल, तर पक्कड लावू नये; किल्ली आत तुटली की काम दुप्पट होते. अशा वेळी संपूर्ण लॉकसेट बदलण्याचा सल्ला मिळतो, पण तोही प्रत्येक वेळी आवश्यक नसतो. कुशल कारागीर बॅरल बाहेर काढून झिजलेल्या पट्ट्या आणि थकलेल्या स्प्रिंगा तेवढ्या बदलू शकतो, त्यात खर्च वाचतो आणि दारांची व इग्निशनची किल्ली एकच राहते. नवे बॅरल बसवावेच लागले, तरी त्यातील पट्ट्या जुन्या किल्लीच्या मापाने जुळवून देण्यास सांगता येते.