बैलाच्या खांद्याला हळद, आपल्या मानेला काय?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मराठवाड्यात खांदमळणी होते. बैल धुऊन आणतात आणि वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांना हळद कालवलेलं तूप किंवा तेल चोळतात. चोळणाऱ्याचा हात सावकाश फिरतो. घट्टा कुठे मऊ झालाय, कुठे अजून कडक आहे, कुठे सोललंय, हे बोटांना कळतं. सोललेलं असेल तर दोन दिवस त्या बैलाला जुंपायचं नाही, हेही तिथेच ठरतं.

तो हात ज्याचा असतो, त्याची स्वतःची मान उन्हाने करपलेली असते. टाचांच्या भेगांत माती जाऊन बसलेली असते. बैलाच्या अंगाला दरवर्षी हळद लागते, शेतकऱ्याच्या अंगाला मात्र लग्नात एकदाच. दिवाळीच्या पहाटे तेल आणि उटणं, तेही घरातली बाई मागे लागली तर. बाकी तीनशे चौसष्ट दिवस मोरीत पडलेला असेल तो साबण. त्वचेची निगा म्हटलं की ‘ते बायकांचं काम’ असं म्हणणाऱ्या या माणसासाठीच हा लेख आहे. तेरणेच्या काठावरचं तेर डोळ्यांपुढे ठेवून मी तो लिहितो आहे, त्याला कारण आहे.

अंगाची निगा ही तेरला परकी गोष्ट नाही. हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळचे मणी, शंखाच्या बांगड्या आणि भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. इथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं नातं अभ्यासक १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या मूर्तीशी जोडतात. त्याच सातवाहन काळातल्या वस्तीतून, नेवाशाच्या उत्खननात, अंग घासायच्या भाजक्या मातीच्या वजऱ्या निघाल्या. टाच घासायला आजही बाजारात मिळते ती वजरी. दोन हजार वर्षांत तिच्या कामात काडीचाही फरक पडलेला नाही.

तेरची दुसरी ओळख गोरोबाकाकांची. शके १२३९ म्हणजे १३१७ साली, चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी इथे समाधी घेतली. त्यांचा धंदा मातीचा होता आणि त्वचेचं शास्त्र समजून घ्यायला कुंभाराइतका चांगला शिक्षक मिळणार नाही. चाकावरून उतरवलेलं ओलं मडकं कुंभार उन्हात ठेवत नाही, सावलीत वाळवतो. उन्हात वरचा थर झपाट्याने सुकून आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि या ओढाताणीत मडकं तडकतं. आपल्या टाचेला भेग पडते तीही अशीच. त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहून पातळ, मेलेल्या पेशींचा असतो. या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्या फटींत चुन्यासारखा स्निग्ध पदार्थ भरलेला. हा चुना शाबूत असेल तोवर आतलं पाणी उडून जात नाही आणि बाहेरची घाण आत शिरत नाही. तो खरवडला गेला की वरचा थर कोरडा पडून ताठरतो, टाचेवर अंगाचा भार पडला की फाटतो.

हा चुना खरवडण्याचं काम सर्वांत जास्त करतो तो साबण. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. कपड्याच्या वडीने अंग धुणारे पुरुष गावोगाव आहेत. तेलकट कळकट हात त्याने ‘लख्ख’ होतात खरे, पण त्यानंतर ताणल्यासारखं वाटतं ते स्वच्छतेचं लक्षण नव्हे, चुना निघून गेल्याची खूण आहे. त्यात आपल्याकडचं बोअरचं जड पाणी. त्यातले क्षार साबणाशी मिळून त्वचेवर एक चिकट थर धरतात, तो नीट धुतला जात नाही आणि खाज सुटते. म्हणून साबण घेताना वेष्टनावर टीएफएमचा, म्हणजे एकूण स्निग्ध द्रव्याचा, आकडा बघावा. तो ७६ टक्के किंवा अधिक असेल तर साबण पहिल्या प्रतीचा. आणि तोही काखा, जांघा, पाय आणि माखलेल्या जागा एवढ्यांनाच रोज लावावा. पाठीला, पोटऱ्यांना नुसतं पाणी पुरतं.

आता रोजचा नेम. तो तीनच कामांचा आहे आणि त्याला दिवसाकाठी पाच मिनिटंही लागत नाहीत. सकाळी चेहरा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने धुवायचा, पुसून किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं आणि बाहेर पडण्याआधी उन्हाची तजवीज करायची. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा धुणं आणि पुन्हा ओलावा, बस्स. ‘ओलसर असतानाच’ हे सगळ्यात महत्त्वाचं. मॉइश्चरायझर स्वतः फारसं पाणी देत नाही, असलेलं पाणी कोंडून ठेवतं. अंग खडखडीत वाळल्यावर लावलेल्या क्रीमचा अर्धा उपयोग वाया जातो. महागडी बाटली लागत नाही. हातापायांना साधी पेट्रोलियम जेली उत्तम. मराठवाड्याला आणखी एक गोष्ट घरच्या घरी मिळते, करडईचं तेल. त्यातल्या स्निग्धांशात सुमारे सत्तर टक्के लिनोलिक आम्ल असतं आणि त्वचेच्या विटांमधला तो चुना घडवायला शरीराला हेच आम्ल लागतं. कोकणात भेगांना कोकमाचं तेल लावतात, तेही गुणी. मात्र ज्याच्या चेहऱ्यावर मुरमं येतात त्याने चेहऱ्याला कुठलंच तेल लावू नये. पुरुषाच्या त्वचेत तैलग्रंथी मुळात जास्त काम करतात, त्यात खोबरेल पडलं की रंध्रं तुंबतात.

टाचांसाठी वेगळं सांगतो. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग वजरी हलक्या हाताने, पुसून जेली आणि वर जुने सुती मोजे. पंधरा दिवसांत फरक दिसतो. भेगेतून रक्त येत असेल तर वजरी लावू नये. मधुमेह असणाऱ्याने तर वजरी किंवा ब्लेड पायाला लावूच नये, कारण पाय बधिर असेल तर जखम कळत नाही.

उन्हाबद्दल आपले आजोबा आपल्यापेक्षा शहाणे होते. डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं, अंगात पूर्ण बाह्यांची बंडी. आज शेतात टी-शर्ट आणि फार तर टोपी असते आणि टोपीने मान व कान झाकले जात नाहीत. गाडीवर मुली चेहऱ्याला ओढणी गुंडाळून जातात, शेजारून जाणारा मुलगा उघड्या तोंडाने जातो. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक दहाच्या वर जातो, म्हणजे ‘अतितीव्र’ पट्ट्यात. सावळ्या कातडीला उन्हाने होणारा कर्करोग क्वचित होतो, हे खरं. पण वांग येतो, सुरकुत्या वेळेआधी पडतात आणि ओठ करपतात. म्हणून आधी कापड, मग क्रीम. सनस्क्रीन एसपीएफ ३०चं पुरे, त्याने जाळणारी सुमारे ९७ टक्के किरणं अडतात. चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधलं बोट भरेल एवढं लागतं. चिमूटभर लावून उपयोग नाही आणि घाम आल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायला हवं.

शेतकऱ्याच्या त्वचेचा सर्वांत मोठा वैरी मात्र ऊन नाही. तो बांधावर पांढरी फुलं घेऊन उभा असतो. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी, त्याला नावं पुष्कळ. मूळचं अमेरिकेचं. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. गवत उपटताना ते अंगाला लागतंच, पण वाळलेल्या गवताची धूळही वाऱ्याबरोबर चेहऱ्यावर बसते. सत्तरच्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या आजाराकडे जगाचं लक्ष वेधलं. त्याचे रुग्ण बहुतांशी पुरुष, त्यातही शेतात काम करणारे. आधी पापण्या सुजतात, मग मानेच्या वळ्या, कोपराची आणि गुडघ्यामागची घडी लाल होऊन खाजतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर चेहऱ्याची कातडी जाड, सुरकुतलेली होते आणि नुसतं ऊनही सोसवेनासं होतं. ही अॅलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. वीस वर्षं गवत उपटून काही झालं नाही म्हणणाऱ्याला एकविसाव्या वर्षी होते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते.

यावर क्रीम शोधण्याआधी गवत शोधावं. ते फुलावर येण्याआधी, पावसाळ्यात जमीन मऊ असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून मुळासकट उपटावं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे फुलं आल्यावर उपटण्याला फारसा अर्थ उरत नाही. हे गवत खाणारा झायगोग्रामा नावाचा मेक्सिकन भुंगा १९८४ साली भारतात आणून सोडला गेला. पिवळसर अंगावर काळ्या रेघा असलेला हा भुंगा बांधावर दिसला तर त्याच्यावर फवारा मारू नका. ज्याला ही अॅलर्जी जडली आहे त्याने घरी येताच अंगावरचे कपडे बदलून आधी आंघोळ करावी. शेवंती, सूर्यफूल आणि करडई ही गाजरगवताच्याच कुळातली, म्हणून त्या पिकांतही त्याने जपावं आणि अंगाला करडईच्या तेलाऐवजी पेट्रोलियम जेली लावावी.

फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्यांसाठी आंघोळ हेच औषध आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष नाकातोंडातूनच जातं असा समज आहे, पण ते कातडीतूनही जातं. कपाळ आणि जांघ इथून तर हाताच्या मानाने कितीतरी पटीने अधिक. गळक्या पंपाने भिजलेली पाठ आणि चड्डी घेऊन दिवसभर काम करणं घातक आहे. काम संपताच साबणाने अंग धुवा आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

दाढीबद्दल थोडक्यात. आधी कोमट पाण्याने केस मऊ करावेत, केसांच्या दिशेने वस्तरा चालवावा आणि नंतर ओलावा लावावा. उलटा हात मारून मिळालेला गुळगुळीतपणा दोन दिवसांनी मानेवर फोड होऊन परत येतो. केशकर्तनालयात ब्लेड आपल्यासमोर बदलायला सांगा, त्यात संकोच कशाला? आणि दहा जणांच्या गालावरून फिरलेली तुरटी नको म्हणा. रक्तातून कावीळ ‘बी’ पसरते.

आता ज्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते. गजकर्ण किंवा नायटा झाला की आपला पुरुष लाजेने डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणतो. अशा पुष्कळ ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर जोरकस स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून ट्यूब चांगली वाटते. पण स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती झोपते आणि बुरशी खाली निवांत पसरते. जांघेत पांढरे पट्टे उमटतात, ते पुन्हा जात नाहीत. उपचारांना दाद न देणाऱ्या या बुरशीची साथ आपल्या देशात एवढी वाढली की २०२० साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला वेगळी प्रजाती मानून नाव दिलं ते ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्या नावातच आपला देश आहे. केंद्र सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी घेणारा मागायचा थांबला नाही. गजकर्ण झालं तर जांघा कोरड्या ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उलटे करून उन्हात वाळवा, घरात आणखी कुणाला असेल तर त्यालाही दाखवा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध चट्टा गेल्यावरही त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत लावा.

हेच स्टेरॉइड गोरं करण्याच्या नावाखाली चेहऱ्यावरही जातं. आठवड्यात चेहरा उजळतो, महिन्यात कातडी पातळ होऊन लाल होते, आणि ट्यूब सोडली की जळजळ सुटते म्हणून सोडवत नाही. लग्न ठरलेल्या मुलांनी हे करू नये, कळकळीने सांगतो. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध नको.

शेवटी, आठवड्यातून एकदा आंघोळीनंतर आपलं अंग उजेडात नीट पाहा. पाठ स्वतःला दिसत नाही, ती बायकोला, भावाला, मुलाला पाहायला सांगा, बैलाचा खांदा पाहता तशी हात फिरवून. एखादा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तिथे टोचलेलं कळत नसेल, घाम येत नसेल, तर तो खाजत नाही म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग निघाला तर औषध तिथे फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर केला तर नसा जातात आणि वाकलेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत.