अवघड जागचा प्लग

शेतातल्या डिझेल इंजिनाशी आपली ओळख जुनी आहे. विहिरीवर वीज येण्याआधी कृष्णाकाठच्या शिवारात जी इंजिनं धडधडत असत, ती तुमच्यापैकी पुष्कळांनी हँडल मारून सुरू केली असतील. त्या इंजिनाला प्लग नसतो. आत हवा इतकी दाबली जाते, की ती दाबानंच तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोलचं तसं नाही. तिथं हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं गेलं, की नेमक्या क्षणी बाहेरून ठिणगी द्यावी लागते. ती देणारा बोटभर लांबीचा तुकडा म्हणजे स्पार्क प्लग.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांत एक याप्रमाणे प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटवावं लागतं. त्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. प्लगच्या अंगावर पांढऱ्या चिनी मातीचा जो दांडा दिसतो, तो ही वीज वाटेत हेडात पळू नये म्हणून. कित्येक प्लगांच्या दांड्यावर वळ्या असतात, त्यामुळं पृष्ठभाग लांबतो आणि विजेला सरपटत जाण्याची वाट अवघड होते. विजेच्या खांबावरच्या चिमण्यांना वळ्या असतात त्या याच कारणानं. गुरुजींनी एखादा निकामी प्लग वर्गात न्यावा. मुलांना तो हातात घेऊन समजेल.

ठिणगी खाऊन खाऊन प्लगचं टोक झिजतं, फट रुंदावते. मग सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, चढाला दम टाकते, धक्के देते. प्लग बदलायचं काम मुळात अर्ध्या तासाचं. जुन्या ॲम्बॅसडरचं बॉनेट उघडलं की प्लग समोर दिसत, हात सरळ पोचे. पण आपल्याकडच्या खेड्यांत जी गाडी घरोघरी झाली, ती १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, तिचं इंजिन पुढच्या सीटांखाली. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण दुधाच्या बरण्या आणि शाळेची मुलं वाहणाऱ्या ओम्नी अजून पळताहेत. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत तर प्लग वीतभर खोल विहिरीत बसवलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर कॉईल. डोळ्याला तळ दिसत नाही.

माझ्या भावाची अशीच एक ओम्नी कुंडलहून पलूसला मुलं नेते-आणते. एका रविवारी मी म्हटलं, मिस्त्री कशाला, मीच बदलतो. जुने तिन्ही प्लग छान निघाले. नवा घालताना मात्र घाई केली. प्लग पान्यात धरून तसाच आत घातला आणि फिरवला. दुसऱ्या फेऱ्यालाच तो जड लागला. मला वाटलं, कचरा असेल. आणखी जोर दिला. तो जोर महागात पडला! आटे आडवे चढले होते. हेड उतरवून भोक मोठं करावं लागलं, आत नव्या आट्यांची वळी बसवावी लागली. चार दिवस ती मुलं एसटीची वाट बघत उभी राहिली. त्यांतल्या दोघांची परीक्षा होती.

असं का झालं, ते सांगतो. कुंडलला लागूनच किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या या माळावर कारखाना मांडला. स्टेशनला तेव्हा कुंडल रोड म्हणत. त्यामुळं लेथवर आटे पाडलेले हात आपल्या भागात दुर्मीळ नाहीत, आणि त्या हातांना हे ठाऊक आहे की मऊ नि कठीण धातूची गाठ पडली तर मऊच कापला जातो. प्लगचे आटे पोलादाचे, मोटारीचं हेड बहुधा ॲल्युमिनियमचं. आडवा चढलेला प्लग नवी वाट कापत जातो आणि हातात पाना असला की ते कळत नाही. लांब दांड्याच्या पान्यानं बोटाची जाणीवच हिरावून घेतली जाते.

म्हणून अवघड जागी पाना मागाहून, बोटं आधी. हातभर रबरी नळी घ्या, पेट्रोलच्या नळीसारखी. तिचं तोंड प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि प्लग अलगद विहिरीत सोडा. आधी नळी उलटी, म्हणजे डावीकडं फिरवा. आटा आट्याच्या तोंडाशी आला की हलकासा खटका जाणवेल. बरणीचं फिरकीचं झाकण लावताना आपण नकळत असंच करतो. तो खटका लागला की मग उजवीकडं. आटा आडवा चढत असेल तर नळी प्लगवरच घसरून फिरते, आटे कापण्याइतकं बळ तिच्यात नसतं. तीनचार फेरे सुरळीत गेले नाहीत तर प्लग काढा, पुन्हा सुरुवात करा. प्लग हातानं तळाला टेकला की मगच पाना लावायचा. वॉशरचा नवा प्लग असेल तर तिथून साधारण अर्धा फेरा पुरे. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग. आट्यांना तेल लावण्याची आपल्याकडं खोड आहे. ती नको, तेलानं प्लग सहज फिरतो आणि गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

काढतानाही दोन गोष्टी पाळा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम हेडातून प्लग काढला तर आटे बरोबर येण्याची भीती. आणि टोपी काढल्यावर, पाना लावण्याआधी, सायकलच्या पंपानं विहिरीतली धूळ उडवून द्या. ती सिलिंडरमध्ये पडली तर पिस्टन ओरखडेल. वायर न ओढता टोपी धरून ओढा, आणि एका वेळी एकच प्लग बदला, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही. सीटखाली काम करताना गाडीची सगळी दारं उघडी असू द्या, बॅटरीची तार सोडा. गाडी गॅसवर चालत असेल आणि जरासाही वास आला, तर काम तिथंच थांबवा. विडीकाडीचं सांगायला नकोच.

नव्या प्लगची फट गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल त्याप्रमाणे फिलर गेजनं तपासा. प्लग फरशीवर पडला तर फट मिटते, कधी चिनी मातीला डोळ्याला न दिसणारी चीर जाते. पडलेला प्लग इंजिनात घालू नका, तो गुरुजींच्या वर्गासाठी ठेवा.

निघालेले प्लग मात्र लगेच टाकू नका. कुठला कोणत्या सिलिंडरचा, ते खडूनं लिहून ओळीनं मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, हवेची जाळी तुंबली आहे का पाहा. ओलसर, तेलकट काळं असेल तर आत तेल चढतंय. पांढरंफटक असेल तर ते सिलिंडर फार तापतंय. तिघांत एकच वेगळा निघाला, तर तो प्लग खिशात घालून मिस्त्रीकडं जा आणि कितव्या सिलिंडरचा, तेवढं सांगा.