इंजिनाला वारा घालताना

आपल्या त्रैमासिकात पाककृती येतात, प्रवासवर्णनं येतात, गणेशोत्सवाचे वृत्तान्त येतात. मोटारीच्या पोटात हात घातलेला लेख सहसा येत नाही. वॉटफर्डच्या आसपासच्या आपल्या घरांत मोटार म्हणजे सकाळी स्टेशनवर, शनिवारी मुलांच्या क्लासला आणि पाहुणे आले की हीथ्रोला जाणारी वस्तू. वर्षातून एकदा ती एमओटीला जाते, बिल बघून आपण सुस्कारा टाकतो, एवढाच तिचा नि आपला परिचय. आज थोडा जवळचा परिचय करून द्यावा म्हणतो. कृती जरा लांबलचक आहे आणि शेवटी खायला काही मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या दारात २००४ सालची मिनी कूपर एस आहे. गाडी आमच्या नावावर, रोज कामावर नेणारे आम्हीच. अठरा पूर्ण झालेले आमचे चिरंजीव तिचे दुसरे चालक, पण प्रेमाच्या बाबतीत पहिले. २००२ ते २००६ या काळातल्या या मॉडेलची एक गंमत आहे. गाडी बनली ऑक्सफर्डजवळच्या काउलीत, १६०० सीसीचं इंजिन आलं ब्राझीलमधून, आणि इंजिनाच्या पुढ्यात बसला आहे ईटन कंपनीचा सुपरचार्जर. पुढच्या पिढीत तो गेला आणि त्याच्या जागी टर्बो आला.

सुपरचार्जर म्हणजे काय? इंजिन हवा ओढतं ती स्वतःच्या दमाने. जास्त पेट्रोल जाळायचं तर जास्त हवा हवी. ती कोंबून भरणारा पंप म्हणजे सुपरचार्जर. टर्बो हे काम एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर करतो, सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्यामुळे पाय दाबला की लगेच जोर. मिनीतला पंप ‘रूट्स’ जातीचा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. ओतशाळेच्या भट्टीला वारा घालायला तो वापरत. आपल्या लोहाराच्या भात्याचाच हा सुधारलेला नातेवाईक.

आता अडचण अशी, की हवा दाबली की तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. हिशेब करून पाहू. बाहेर २० अंश सेल्सिअस आहे आणि पंप हवेचा दाब १.७ पट करतो आहे. पंप अगदी आदर्श असता तर हवा ६८ अंशांपर्यंत गेली असती. पण रूट्स पंप हवा घुसळतो फार. कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आतबाहेर धरली तर हवा शंभर अंशांच्या आसपास पोचते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कोंबण्याचा निम्मा फायदा तिथेच गळतो. शिवाय तप्त मिश्रण वेळेआधी पेट घेऊ लागतं. ते टाळायला गाडीचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि जोर आणखी कमी होतो.

यावरचा उपाय इंटरकूलर. त्याचं तत्त्व आपल्या आजोबांना ठाऊक होतं. चहा कपात निवत नाही म्हणून ते बशीत ओतायचे. चहा तेवढाच, पण पसरला की वाऱ्याला भेटणारा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो. इंटरकूलर ही हवेची बशी. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांतून आतली गरम हवा जाते आणि नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून बाहेरचा वारा. वरच्या उदाहरणात हवा १०३ अंशांवरून ४५ अंशांवर आणली, तर तिची घनता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. जाळीतून जाताना थोडा दाब पडतो, तो वजा केला तरी दहा-अकरा टक्के हवा पदरात पडते. फुकट म्हणावी अशी.

मिनीला कंपनीने इंटरकूलर दिलेला आहेच, पण तो बसवला आहे इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटला पडलेल्या खाचेखाली. गाडी पळत असली की खाचेतून वारा येतो आणि काम झकास चालतं. सेंट ऑल्बन्स रोडवर संध्याकाळी सहाला मुंगीच्या पावलाने सरकत असाल तर वारा नाही, आणि खालून इंजिनाची धग. बशी चुलीवरच ठेवल्यासारखं. म्हणून हौशी मंडळी इंटरकूलर उचलून गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे नेतात. तयार संच मिळतात, पण त्यांच्या किमती ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी फक्त भुवई उंचावली आणि विषय संपला. मग ठरलं, घरीच करायचं. अंदाजपत्रक मंजूर झालं साडेतीनशे पौंडांचं.

इथे थोडं विषयांतर, पण गावाबाहेर न जाता. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना लीव्हज्डनला हॅरी पॉटरचा स्टुडिओ दाखवायला नेतो. २०१२ पासून ही आपल्या भागातली पंढरीच झाली आहे. त्या जागी दुसऱ्या महायुद्धात विमानतळ आणि कारखाना होता आणि तिथे मॉस्किटो विमानं बांधली जात. मॉस्किटोला रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन. उंचावर हवा विरळ, म्हणून त्याला सुपरचार्जर. पुढे दोन टप्प्यांचा सुपरचार्जर आला तेव्हा हवा इतकी तापू लागली, की इंटरकूलर घालावाच लागला. इथून थोड्याच अंतरावर, लंडन कॉल्नीजवळच्या सॉल्सबरी हॉलच्या संग्रहालयात मॉस्किटोचा पहिला नमुना जपून ठेवला आहे. १९४० च्या नोव्हेंबरात उडालेल्या त्याच विमानावर १९४२ साली दोन टप्प्यांचं मर्लिन बसवून पाहिलं होतं. युद्धानंतर लीव्हज्डनला हेलिकॉप्टरची इंजिनं होऊ लागली आणि १९९० नंतरच्या दशकात कारखाना बंद होऊन सिनेमावाले आले. म्हणजे दाबलेली हवा गार करण्याचा खटाटोप या मातीला नवा नाही. आपल्यापैकी जे पुण्यात इंजिनीअरिंग शिकले, त्यांनीही कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये मोठ्या डिझेल इंजिनांवर हाच प्रकार पाहिला असेल.

आता मूळ कामाकडे. पहिला प्रश्न जागेचा. चिरंजिवांनी इंटरनेटवर पाहिलेल्या चित्रफितींत मंडळी सरळ ग्राइंडर घेऊन बंपरमागची आडवी तुळई कापत होती. तुळई कापली की मोठा इंटरकूलर ऐसपैस बसतो. “सगळे असंच करतात, बाबा.” आम्ही म्हटलं, समोरून धडक बसली तर पहिला तडाखा ती तुळई झेलते, आणि तिच्यामागे तू बसणार आहेस. तिला हात लावायचा नाही. दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी साहेब पुठ्ठा, कात्री आणि फूटपट्टी घेऊन गाडीखाली गेले. तुळईच्या खाली, खालच्या जाळीमागे, ४५ सेंटिमीटर रुंद, १५ उंच आणि साडेसहा जाड एवढा ठोकळा बसतो, हे त्यांनी पुठ्ठ्याचा इंटरकूलर करून सिद्ध केलं. मोठ्यापेक्षा हा लहान खरा. पण मोठा ठोकळा रेडिएटरचा वाराही जास्त अडवतो, आणि इंजिन तापवून हवा गार करण्यात शहाणपणा नाही.

ठोकळा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ९० पौंडांत आला. बसवण्यापूर्वी त्याची परीक्षा घेतली ती पुण्याच्या पंक्चरवाल्याच्या पद्धतीने. दोन्ही तोंडं बंद करून आत सायकलच्या पंपाने हवा भरली आणि बाथटबमध्ये बुडवला. कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. विक्रेत्याने कुरकुर न करता बदलून दिला. ही परीक्षा दहा मिनिटांची आहे, कोणी चुकवू नये. बाथटब मात्र नंतर स्वच्छ घासून ठेवावा.

मग नळ्या. सुपरचार्जरच्या तोंडापासून खाली नाकापर्यंत आणि नाकापासून वर इंजिनापर्यंत सुमारे अडीच मीटर ॲल्युमिनियमची नळी लागली, आतला व्यास ५७ मिलिमीटर. लांब नळीचा तोटा असा, की आतली सहा-साडेसहा लिटर जागा दर वेळी आधी भरावी लागते. मिनीत थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असतो, त्यामुळे पाय उचलल्यावरही तेवढी हवा आत शिल्लक राहते आणि इंजिन किंचित रेंगाळतं. म्हणून नळी शक्य तितकी आखूड ठेवावी, वळणं कमी आणि मोठ्या त्रिज्येची घ्यावीत. ६० पौंड नळ्यांना, ५५ सिलिकॉनच्या सांध्यांना, ३० पोलादी क्लॅम्पना. हे क्लॅम्प स्वस्त घेऊ नयेत; दाबाखाली सांधा सुटला की गाडी भर रस्त्यात मान टाकते. नळीच्या टोकाला बांगडीसारखा उंचवटा करून घ्यावा, म्हणजे रबर सरकत नाही.

वेल्डिंग मात्र घरी शक्य नव्हतं. ॲल्युमिनियमला आपल्याकडे ज्याला ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात ते लागतं. जवळच्या औद्योगिक वसाहतीत एक वयस्कर इंग्रज गृहस्थ भेटले. सोळाव्या वर्षी लीव्हज्डनच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागलेले. त्यांनी चिरंजिवांनी कापलेल्या नळीचं टोक उजेडात धरून पाहिलं, कानस हातात दिली आणि म्हणाले, “अजून थोडं.” तीनदा “अजून थोडं” झालं. चौथ्यांदा काही न बोलता त्यांनी मशीन सुरू केलं. घेतले ८० पौंड. घरी येताना चिरंजीव त्या नळ्या मांडीवर घेऊन बसले होते.

बाकी कंस, नटबोल्ट, रबरी पट्ट्या वगैरे धरून एकूण बेरीज झाली ३४२ पौंड. आठ पौंड वाचले. त्यांची सर्वांना आइस्क्रीम मिळाली.

आता फायदा किती, ते सांगू. या गाडीत इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मुळातच असतो. १५ पौंडांचं यंत्र डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला लावलं की आकडे फोनवर दिसतात (हे पौंड अंदाजपत्रकाबाहेरचे, सौभाग्यवतींनी नोंद घेऊ नये). काम सुरू करण्यापूर्वी आम्ही आकडे लिहून ठेवले होते. बाहेर २२ अंश असताना पंधरा मिनिटं रहदारीत अडकल्यावर जुन्या रचनेत हवा ६६ अंश होती, आणि एम-१ वर ५ नंबरच्या जंक्शनला चढल्यावर ती चाळिशीत यायला चार मिनिटं लागली. नव्या रचनेत तशाच संध्याकाळी ४३ अंश, आणि मिनिटभरात तिशीत. मोटरवेवर एका चालीत जाताना मात्र फरक जेमतेम दोन अंशांचा. कूलंटचं तापमान होतं तेवढंच राहिलं.

म्हणजे गाडी रॉकेट झाली का? नाही. थंड सकाळी जुन्या-नव्या गाडीतला फरक डोळे मिटून सांगता येणार नाही. फरक पडतो तो गरम दिवशी, रहदारीतून सुटल्यावर, आणि पाठोपाठच्या दुसऱ्या-तिसऱ्या चढाला. पहिल्यांदा जेवढा जोर, तेवढाच तिसऱ्यांदा. इंजिनीअरच्या दृष्टीने ही कमाई लहान नाही. मित्रांना छाती फुगवून सांगण्यासारखी मात्र नाही, हे चिरंजिवांनीही आकडे पाहून मान्य केलं.

एक गोष्ट आवर्जून. असा कोणताही फेरफार विमा कंपनीला कळवावा लागतो. तरुण चालकाचा हप्ता आधीच डोळे पांढरे करणारा असतो, म्हणून ‘कोण बघतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण अपघात झाला आणि बंपरमागे न कळवलेला ठोकळा निघाला, तर कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि समोरच्या माणसाचं नुकसान आपल्या घरावर येऊ शकतं. आम्ही चिरंजिवांनाच शेजारी बसवून फोन केला आणि सगळं सांगितलं. हप्ता वर्षाला ४६ पौंडांनी वाढला. तो त्यांनी आपल्या शनिवारच्या नोकरीतून भरला.

या सगळ्याला दोन उन्हाळे गेले. या काळात पुण्या-मुंबईकडून आणि इथूनही एकच प्रश्न येत राहिला: “अभ्यासाचं काय?” प्रश्न रास्त आहे. आपण इथे आलो ते डिग्रीच्या जोरावर. आम्ही स्वतः मास्टर्स करायला आलो आणि राहिलो. हात काळे करायला आपली मुलं आहेत का, हे आमच्याही मनात येऊन गेलंच. चिरंजिवांनी आता पगार घेत शिकण्याच्या, म्हणजे डिग्री अप्रेंटिसशिपच्या, तीन जागी अर्ज केले आहेत. निवेदनात त्यांनी सुपरचार्जरबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पुठ्ठ्याच्या ठोकळ्याबद्दल अर्धं पान. आजीचा फोन आला तेव्हा “लोहारकी शिकतोय का रे?” असं तिने विचारलं. “हो आजी, पण भाता गार ठेवायची,” असं उत्तर मिळालं. ती हसली. प्रश्न सुटला असं नाही, पण हसली.

कोणाच्या घरी असा उद्योग सुरू व्हायचा असेल तर आमचा क्रम असा: आधी आकडे लिहा, मग पुठ्ठा कापा, मग पैसे काढा. नळ्या, ठोकळा, कंस यांत काटकसर खुशाल करा. तुळई, क्लॅम्प आणि विमा यांत करू नका. पुठ्ठ्याचा ठोकळा आमच्या शेडमध्ये अजून आहे. दुसऱ्या कोणाकडे याच काळातली मिनी असेल तर मापाला घेऊन जावा.