चौसष्ट जीबीची वाटणी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील कित्येक गावांत घरांना कुलपे लागतात, म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले मागे राहतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, जिला या व्यवसायात नुसते ‘कोयता’ म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडे अथवा थेट कर्नाटकात चालती होते, हे महाराष्ट्राला आता पुष्कळसे ठाऊक झाले आहे. माजलगावच्या कालव्याखाली आणि गेवराईच्या गोदाकाठी या जिल्ह्यातही ऊस उभा असतो, त्यावर चालणारे साखर कारखाने आहेत आणि इथल्या काही टोळ्या इथेच राबतात, हे मात्र तितकेसे कोणाच्या ध्यानात नसते. अशाच एका कारखान्यात, ज्याचे नाव सांगण्यात कोणाचाच लाभ नाही, ऐन हंगामात सर्व्हरची मेमरी वाढवून झाल्यावर तिची व्यवस्था लावून देण्याचे काम माझ्याकडे आले.

सर्व्हर शेतकी खात्यालगतच्या एका थंड खोलीत बसलेला असला तरी त्याचा अंमल चालतो तो बाहेर, काट्यावर. बैलगाडी, टायरगाडी, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अथवा ट्रक भरल्या अंगाने काट्यावर चढतो, वजन नोंदले जाते, गव्हाणीत ऊस रिकामा होतो, परतीच्या वाटेवर रिकाम्या वाहनाचे वजन होते, आणि दोहोंच्या वजाबाकीतून जी पावती बाहेर पडते तिच्यावर शेतकऱ्याचे बिल, तोडणाऱ्या टोळीची मजुरी आणि वाहनमालकाचे भाडे ही तिन्ही अवलंबून असतात. थंडीत पहाटे तीनला उठून फड गाठणाऱ्या बाईच्या श्रमाचा लेखी पुरावा म्हणजे ती पावती. दुसरा कोणता दस्तऐवज तिच्या हाती नसतो. त्यामुळे वजनाचा आकडा पडद्यावर उमटण्याच्या क्षणी पडदा गोठला, काटेवाल्याने कळ पुन्हा दाबली, आणि थोड्या वेळाने आकडा उमटला, तर रांगेतल्या माणसाच्या मनात येणारा पहिला विचार यंत्राच्या प्रकृतीविषयीचा नसतो. ‘काटा मारला’ हा तो विचार. उसाच्या राजकारणात या दोन शब्दांनी जितकी भांडणे पेटवली तितकी फार थोड्या शब्दांनी पेटवली असतील. त्या कारखान्याचा काटा माझ्या समजुतीप्रमाणे निर्दोष होता. परंतु निर्दोष काटाही वारंवार अडखळू लागला की संशयाच्या दरबारात त्याची कैफियत कोणी ऐकून घेत नाही.

हे अडखळणे रोजचे नव्हते, पंधरवड्याचे होते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांच्या आत त्याची किंमत अदा करावी लागते आणि विलंब झाल्यास सालीना 15 टक्के व्याज द्यावे लागते. म्हणून पंधरवडा संपताच बिलांची आकारणी त्याच सर्व्हरवर रात्री सुरू होई, आणि काटा तर रात्रंदिवस चालूच असे. एकाच यंत्रावर, एकाच जावा प्रणालीत, ही दोन्ही कामे सुखाने नांदत नव्हती. यंत्रात 16 जीबी रॅम होती. ती अपुरी पडते असे ठरवून कारखान्याने रीतसर निविदा काढून 64 जीबी बसवून घेतली, साफसफाईसाठी गाळप थांबले असता जुन्या पट्ट्या निघून नव्या चढल्या, डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली, आणि पुढचा पंधरवडा संपला त्या रात्री काटा पूर्वीसारखाच अडखळला.

“साहेब, मेमरी बसवली म्हणता, मंग काटा कामून आडकतोय?” काटेवाल्या दादांचा हा प्रश्न मला त्या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बिनचूक प्रश्न वाटतो. हिशेब खात्याचा प्रश्न निराळा होता. त्यांना 64 ची खरेदी मंजूर असताना पडद्यावर 62 च का दिसतात याचा खुलासा हवा होता, आणि उरलेला हिस्सा यंत्राच्या फर्मवेअरने व लिनक्सच्या गाभ्याने आरंभीच स्वतःसाठी राखून ठेवलेला असतो हे त्यांच्या गळी उतरवण्यात माझी निम्मी सकाळ गेली.

काटेवाल्या दादांच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत होते. त्या कारखान्याची प्रणाली वाइल्डफ्लाय या सर्व्हरवर चालत असे. 2014 पर्यंत हाच सर्व्हर जेबॉस या नावाने ओळखला जाई. हीप, म्हणजे जावा प्रणालीला आपल्या वस्तू ठेवण्यासाठी मिळणारे मेमरीचे आवार, जास्तीत जास्त किती मोठे असावे हे त्याच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहिलेले असते. वाइल्डफ्लाय जन्मतः ही मर्यादा केवळ 512 एमबी ठेवतो. इथे कोणीतरी ती पूर्वीच 6 जीबी केली होती, आणि 6 जीबीच ती राहिली होती. यंत्रात 64 बसवा नाहीतर 640 बसवा, त्या ओळीत फेरफार केल्याखेरीज जावा सहाव्या जीबीच्या पलीकडे पाऊल टाकीत नाही. त्या फाइलीपर्यंत जाण्याचा जाबता ना निविदेत होता, ना बसवणाऱ्याच्या करारात.

मग सारेच देऊन टाका, असा हुकूम वरून आला, आणि तो स्वाभाविकही होता. जिथे अवर्षणामुळे परळीचे औष्णिक विद्युत केंद्र 2015 साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले अशा या जिल्ह्यात, जे अपुरे आहे त्याची काटकसरीने वाटणी करण्यात माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहेत. परंतु जे एकाएकी चौपट झाले त्याची वाटणी कशी करावी याचा अनुभव कोणाच्याच गाठी नसतो. माझे काम एवढेच होते की देण्यापूर्वी मागणी किती आहे याची खातरजमा करावी.

ती खातरजमा जीसीच्या, म्हणजे गार्बेज कलेक्शनच्या, लॉगवरून होते. प्रोग्राम चालताना क्षणाक्षणाला लक्षावधी वस्तू निर्माण होतात आणि बहुतेक अल्पायुषी असतात. पावती छापली गेली की तिच्यासाठी घडवलेल्या मधल्या आकड्यांचे प्रयोजन संपते. या निरुपयोगी वस्तू हुडकून जागा मोकळी करण्याचे काम यंत्रानेच करावे ही युक्ती जॉन मॅकार्थी यांनी 1959 च्या सुमारास लिस्प भाषेसाठी योजली, आणि 1995 साली आलेल्या जावाने ती व्यवहाराच्या बाजारपेठेत आणली. सोय मोठी, पण तिचे मोल थांबण्यात मोजावे लागते. वार्षिक मोजदादीसाठी वाणी दुकानाच्या फळ्या लावून घेतो आणि गिऱ्हाइके बाहेर तिष्ठत राहतात, तद्वत संपूर्ण सफाईच्या वेळी, जिला फुल जीसी म्हणतात, प्रणालीतील प्रत्येक काम जागच्या जागी स्थगित होते, काट्याचेही.

लॉगमधली एक ओळ मी कागदावर उतरवून घेऊन साऱ्यांपुढे ठेवली. ‘फुल जीसी (एर्गोनॉमिक्स)’ या शब्दांपुढे सफाईपूर्वीचा आकडा साधारण 5.9 जीबी, सफाईनंतरचा 5.4 जीबी आणि लागलेला वेळ सात सेकंदांहून अधिक. खालची ओळ जवळजवळ तशीच, तिच्या खालचीही तशीच. या तीन आकड्यांत सारा मामला उलगडतो. एरवी दिवसा सफाईनंतर अडीच जीबीच्या आसपास शिल्लक राही. बिलांच्या रात्री ती साडेपाचाच्या घरात जाई, कारण तितक्या वस्तू खरोखरच वापरात असत आणि त्या टाकून देता येत नसत. सहाच्या आवारात साडेपाच जिवंत असल्यावर उरलेला अर्धा जीबी बघता बघता भरे, पुन्हा फुल जीसी, पुन्हा सात सेकंद. काट्यावरचा संगणक ठरावीक मुदतीपर्यंत उत्तराची वाट पाही आणि नंतर संबंध तोडून मोकळा होई. पडदा गोठे तो असा.

जिवंत वस्तूंच्या तिप्पट-चौपट हीप द्यावी असा या धंद्यातला जुना अदमास आहे. त्या हिशेबाने 16 ते 22 जीबी पुरेशी होती. 48 का नको, हे व्यवस्थापनाला सांगताना मात्र मला जावाच्या एका विचित्र उंबरठ्याशी यावे लागले, आणि तो मला स्वतःला इतका आवडतो की इथे थोडे रेंगाळण्याची वाचकांनी मुभा द्यावी. जावातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूचा पत्ता जवळ बाळगते. पत्ता 4 बाइटांत लिहिला तर सुमारे 429 कोटी ठिकाणे दर्शवता येतात. परंतु वस्तू नेहमी 8-8 बाइटांच्या हद्दीवरच मांडल्या जात असल्याने तेवढ्याच आकड्यांत आठपट आवार मावते, ते म्हणजे 32 जीबी. हीप 32 च्या आत असेपर्यंत जावा हे आखूड पत्ते वापरते. मर्यादा ओलांडली की प्रत्येक पत्ता 8 बाइटांचा होतो, तोच माल अधिक जागा अडवू लागतो, आणि 33 जीबी मागणाऱ्याच्या पदरात प्रत्यक्षात 31 जीबीवाल्याहून कमी पडते. अधिक मागून उणे मिळण्याचा असा प्रकार सरकारी अनुदानांच्या प्रांतात पाहण्यात होता. यंत्राच्या प्रांतात तो गणिताने सिद्ध होतो.

त्यातून पोस्टग्रेसचा डेटाबेस त्याच यंत्रावर होता. त्याच्या शेअर्ड बफर्सना, म्हणजे वाचलेला मजकूर हाताशी ठेवण्याच्या त्याच्या स्वतःच्या जागेला, एकंदर मेमरीचा चौथा हिस्सा द्यावा असा सर्वमान्य प्रघात असल्याने त्याची तरतूद 4 वरून 16 जीबी केली. जावाला 20 जीबी दिली, किमान आणि कमाल दोन्ही मर्यादा सारख्याच ठेवल्या म्हणजे आवार आक्रसण्या-फुगण्यात वेळ जाणार नाही, आणि सर्व्हर उठतानाच ती सारी जागा प्रत्यक्ष ताब्यात घ्यावी अशीही तजवीज केली. त्यामुळे तो सुरू व्हायला थोडा अधिक वेळ घेतो, तो घेऊ द्यावा. जावाची आवृत्ती आठवी होती. तिचा उपजत सफाई करणारा पॅरलल, जो काम झपाट्याने करतो पण सगळे थांबवून; त्याऐवजी जी-वन नेमला, जो आवाराचे लहान लहान तुकडे पाडून थोडे थोडे साफ करतो आणि प्रत्येक खोळंबा 200 मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचा यत्न करतो. नवव्या आवृत्तीपासून जावाने स्वतःच हा बदल पत्करला आहे.

उरलेली सव्वीसेक जीबी मी कोणालाच दिली नाही, आणि यावरच सर्वाधिक वाद झाला. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवीत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेला मजकूर तो तिच्यात सांभाळून ठेवतो आणि कोणी मागणी केली की तत्काळ जागा सोडतो. ‘फ्री’ ही आज्ञा दिली की ‘फ्री’ नावाच्या रकान्यात क्षुल्लक आकडा दिसतो आणि पाहणाऱ्याचे धाबे दणाणते. पाहायचा असतो तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. हीच मेमरी जावाला वाटून टाकली असती तर शेअर्ड बफर्समध्ये न सापडलेले डेटाबेसचे प्रत्येक वाचन डिस्कवर गेले असते, आणि तंगी होऊन हीपचा काही भाग स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, ढकलला गेला असता तर सफाई करणाऱ्याला प्रत्येक जिवंत वस्तू गाठण्यासाठी डिस्कवर खेटे घालावे लागून सात सेकंदांची सात मिनिटे झाली असती. स्वॅपकडे झुकण्याची लिनक्सची प्रवृत्ती एका आकड्याने ठरते. तो 60 असतो, 10 केला.

एक गोष्ट अखेरच्या क्षणी ध्यानात आली. हीप भरून प्रणाली कोसळलीच तर त्या क्षणीची सारी हीप फाइलीत उतरवून ठेवण्याची सोय आधीपासून चालू होती, आणि ज्या कप्प्यात ती फाइल उतरायची त्यात मोकळी जागा होती 9 जीबी. सहाच्या हीपला ती पुरत होती; वीसच्या हीपने तो कप्पाच तुडुंब भरून दुसरे संकट ओढवून घेतले असते. फाइलीचा मार्ग मोठ्या डिस्कवर वळवला.

हे सारे प्रथम डेटाबेसची प्रत घेऊन दुसऱ्या यंत्रावर, आधीच्या पंधरवड्याची बिले पुन्हा काढून, तपासले. आणि पुढे साफसफाईसाठी गाळप थांबले तेव्हा खऱ्या सर्व्हरवर चढवले. पंधरवडा संपला त्या रात्री मी काट्याच्या केबिनमध्येच बसून होतो. बाहेर अड्ड्यात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, शेकोट्या, ट्रॅक्टरवर कर्कश लावलेली गाणी, मळीचा आंबूस वास. बिले सुरू झाल्याचा निरोप फोनवरून आला. काटेवाले दादा सवयीने कळ दाबल्यावर हात तसाच धरून थांबत, आकडा येई, आणि हात उगाचच अधांतरी राही. पहाटेपर्यंतच्या लॉगमध्ये फुल जीसी एकही नव्हती. सर्वांत दीर्घ खोळंबा अर्ध्या सेकंदाच्या आतला होता.

तरीही माझे मत असे की निम्मा दोष मेमरीचा नव्हताच. बिलांचा प्रोग्राम प्रत्येक पावतीसोबत त्या शेतकऱ्याचे आणि मुकादमाचे हंगामारंभापासूनचे सारे खाते एकदम उचलून आणी, आणि आकारणी संपेपर्यंत त्यातले काहीच हातचे सोडीत नसे. तेच काम शे-दोनशे पावत्यांच्या हप्त्यांनी केले असते तर जुन्या 16 जीबीतही निभावले असते. प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीने हंगाम चालू असताना फेरफार करण्यास नकार दिला, आणि तो रास्तच होता. परंतु हंगाम संपल्यावर त्यांना ते काम सोपवावे असे मी माझ्या अहवालात लिहून दिले आहे.

ज्यांच्या ताब्यात असे सर्व्हर आहेत, मग ते कारखान्यातले असोत, बँकेतले असोत की कचेरीतले, त्यांना एक विनंती. जीसीचा लॉग चालू ठेवा, जागा अडते म्हणून हंगामाअखेर तो पुसू नका, आणि मेमरीच्या मागणीच्या प्रस्तावाला त्यातली पंधरवड्याच्या रात्रीची पाने जोडा. किती घ्यायची आणि घेतलेली कुठे द्यायची, या दोन्हीचा निवाडा तिथेच लिहिलेला असतो.