शंभर माणसं, पावणेदहा लाख शुभेच्छा

सोसायटीचा म्हणा, दहावीच्या बॅचचा म्हणा की माहेरच्या समस्त मंडळींचा म्हणा, शंभर जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. त्यातल्या एकीचा वाढदिवस उजाडतो. पहाटे फिरायला जाणारे काका पहिला केक टाकतात आणि मग बाकीचे आपापल्या सवडीने रांगेत येतात. कुणी गुलाबांचा गुच्छ पाठवतं, कुणी हलणारी समई, कुणी घाईत नुसतंच ‘एचबीडी’. एकूण ९९ शुभेच्छा. इथवर सगळं माणसाच्या आवाक्यातलं आहे.

पण ग्रुपवर टाकलेली शुभेच्छा एकट्या उत्सवमूर्तीकडे जात नाही. पाठवणारा सोडून सगळ्यांच्या फोनवर ती उतरते, म्हणजे ९९ फोनांवर. ९९ गुणिले ९९ झाले ९,८०१. वर्षात शंभर जणांचे शंभर वाढदिवस, म्हणजे ९,८०,१००. शिवाय उत्सवमूर्ती रीतभातीची पक्की असेल तर ‘धन्यवाद काका’, ‘थँक्यू गं मावशी’ असं एकेकाला वेगळं उत्तर देते, आणि तेही ग्रुपवरच. मग आकडा दुप्पट होऊन १९,६०,२०० वर जातो. आभार सोडून देऊ. नुसत्या शुभेच्छांवर प्रत्येकाने दोन-दोन सेकंद नजर टाकली, तरी सगळ्यांचे मिळून वर्षाला साडेपाचशेच्या आसपास तास होतात. ‘वाचतंय कोण?’ असं म्हणू नका. न वाचता पुढे सरकवायलाही दोन सेकंद लागतातच.

खरी गंमत पुढे आहे. ग्रुप दुप्पट झाला की शुभेच्छा दुप्पट होत नाहीत, आठपट होतात. शुभेच्छा देणारे दुप्पट, बघणारे दुप्पट आणि वाढदिवसही दुप्पट. दोनशे जणांच्या ग्रुपात वर्षाला ७९ लाखांवर शुभेच्छा फोनांवर आदळतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात एके काळी २५६ माणसं मावत. २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ वर गेली. असा तुडुंब भरलेला आणि प्रत्येक जण रीत पाळणारा एक ग्रुप वर्षाला १०७ कोटी शुभेच्छा फोनांवर उतरवेल. २००१ च्या जनगणनेत सगळ्या भारताची लोकसंख्या १०३ कोटींच्या आत होती.

एकाच दिवशी दोघांचे वाढदिवस आले की नाजूक प्रसंग उभा राहतो. त्यांना दिलात तसा मला गुच्छ का नाही? हा योग दुर्मीळ वाटतो, पण गणित तसं म्हणत नाही. जन्म वर्षभर सारखे विखुरलेले धरले, तरी २३ जण जमले की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ५७ जणांत ती ९९ टक्के होते. तीही गणिताच्या पुस्तकातली. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही तारीख इतक्या उदारपणे वाटली आहे, की निवृत्त मंडळींच्या ग्रुपात त्या दिवशी संभाव्यताशास्त्र सुट्टीवर जातं. शुभेच्छा देणारा आणि घेणारा दोघंही त्या दिवशी जन्मलेले नसतात, दोघांनाही ते ठाऊक असतं, आणि तरी केक येतो.

सणांचं वेगळं सांगायला नको. सणाला प्रत्येकाने एकदा ‘शुभेच्छा’ म्हटलं, तर शंभर जणांत ९,९०० होतात. दिवाळी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज नवी, आणि चतुर्थी-एकादश्यांना तर महिना रिकामा सोडायची सवयच नाही.

हा सगळा भार कुठेतरी पडतोच. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकी वृत्तपत्रांत बातमी होती, की भारतात इतके फोन का गोठतात याचा शोध गूगलच्या मंडळींनी घेतला आणि त्यांना सुप्रभातची फुलं, सूर्य आणि वाफाळता चहा सापडला. गूगलच्या फाइल्स गो या ॲपमध्ये अशी चित्रं हुडकून एकगठ्ठा पुसायची सोय आली. हिशेब करायला सोपा आहे. दोनशे केबीचं एक चित्र आणि सकाळी वीस जण उत्साही, तर प्रत्येक फोनात रोज चार एमबी, वर्षाला जवळपास दीड जीबी. हा झाला एका ग्रुपचा सूर्योदय.

३१ डिसेंबर २०१९ ला जगभरात १०,००० कोटी व्हॉट्सॲप संदेश गेल्याचं कंपनीने सांगितलं. त्यातले २,००० कोटी एकट्या भारतातून. तेव्हा तो विक्रम होता. पुढच्या ऑक्टोबरात मार्क झकरबर्ग यांनी सांगितलं, की आता रोजच १०,००० कोटींच्या आसपास संदेश जातात. म्हणजे सेकंदाला साडेअकरा लाख. थर्टी फर्स्टची रात्र दहा महिन्यांत बुधवारची दुपार होऊन बसली.

पूर्वी असं होत नसे, कारण पूर्वी पैसे पडत. पोस्टकार्ड विकत आणायचं, लिहायचं, पेटीत टाकायचं. त्यामुळे दिवाळीला कुणाकुणाला लिहायचं याची यादी आपोआप आखूड व्हायची. तरी त्या काळातही गुणाकाराचा मोह होताच. ‘हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रं लिहा, न लिहिल्यास नुकसान होईल’ अशी देवदेवतांच्या नावाची कार्डं अनेक घरांत येत. सगळ्यांनी ती आज्ञा पाळली असती, तर आठव्या पायरीला २१ कोटी पत्रं झाली असती आणि दहाव्या पायरीला २,५९३ कोटी. जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर पोचली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. म्हणजे दहाव्या पायरीवर नुकसान सोसायला माणसंच पुरली नसती. आपला आळस किती उपकारक आहे, हे अशा वेळी कळतं.

व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एकावेळी पाचच जागी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, ती पुढे सगळ्या जगाला लागू झाली. पण पाचाचा गुणाकारही गप्प बसणारा नाही. दहाऐवजी पंधराव्या पायरीला जग संपतं, इतकाच फरक. एप्रिल २०२० मध्ये मग नियम आणखी कडक झाला. खूप हातांतून फिरलेला संदेश एकावेळी एकाच जागी पाठवता येऊ लागला आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने जाहीर केलं. एकाला एकाने कितीही वेळा गुणा, उत्तर एकच येतं.

आणि हे सगळं एका ग्रुपपुरतं. प्रत्यक्षात कुणाला तरी वगळून केलेला ग्रुप प्रत्येक कुटुंबात असतो. वन्संना न सांगता केकची वर्गणी काढायची, तर वन्संशिवायचा ग्रुप लागतो. मग वन्संना कळतं आणि त्या स्वतःचा काढतात. तीस जणांच्या गोतावळ्यातून दोन किंवा जास्त माणसांचे असे किती वेगवेगळे ग्रुप निघू शकतील? १०७ कोटी ३७ लाखांवर. शंभर जणांतून निघणाऱ्या ग्रुपांची संख्या ३१ अंकी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत १८ स्थानांची नावं दिली. आपल्या रुसव्याफुगव्यांपुढे परार्धही तोकडा पडतो.

यावर उपाय इतका सोपा आहे, की तो कुणी करणार नाही. शुभेच्छा ग्रुपवर न टाकता, जिचा वाढदिवस आहे तिच्याच नंबरवर पाठवायची. शंभर जणांत वर्षाला ९,९०० शुभेच्छा होतील, म्हणजे बरोबर नव्याण्णवावा हिस्सा. तिला मात्र पूर्वीइतक्याच, ९९, मिळतील. अडचण एवढीच, की मग काकांनी सगळ्यांच्या आधी शुभेच्छा दिल्याचं उरलेल्या ९८ जणांना कळणार कसं? हा सगळा गुणाकार त्या ९८ साक्षीदारांपायी चालला आहे. ग्रुपवरचा केक म्हणजे निम्मी हजेरी असते.

तरी एक वर्ष करून बघा. तुम्ही वाढदिवस विसरायला लागलात असं ग्रुपवर सगळ्यांना वाटेल, तेवढी तयारी ठेवा.